ज्येष्ठ नागरिक संघात क्षमता-तपासणी कशी घ्यावी

पुण्यातील बऱ्याच ज्येष्ठ नागरिक संघांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत एखादे आरोग्य शिबिर ठरलेले असते. विरंगुळा केंद्रात टेबले मांडून रक्तदाब आणि साखर मोजली जाते, आणि ज्यांना आपली साखर आधीपासूनच ठाऊक आहे असेच सभासद बहुधा रांगेत पुढे असतात. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला आहे किंवा डाव्या कानाने ऐकू येणे कमी झाले आहे, हे मात्र कोणीच तपासत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात म्हातारपणातील आरोग्य हे रोगांच्या यादीवरून नव्हे तर माणसाच्या क्षमतांवरून जोखावे, अशी भूमिका मांडली. २०१९ मध्ये तिने ‘आयकोप’ (ज्येष्ठांसाठी एकात्मिक काळजी) या नावाने त्यासाठीची मार्गदर्शिकाही काढली. त्यातील पहिल्या टप्प्याची चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी, स्मरण, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती या सहा बाबींची असते. थोडा सराव केलेल्या स्वयंसेवकांना ती घेता येते आणि तिला महागडे उपकरण लागत नाही.

शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी पुढील उपचारांची सोय ठरवावी. चाळणीत अडलेल्या व्यक्तीला कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या वारी आणि कोणाच्या सोबतीने पाठवायचे, हे कागदावर उतरलेले नसेल, तर शिबिर पुढे ढकललेले बरे, कारण उणीव दाखवून माणसाला वाऱ्यावर सोडणे हे न तपासण्यापेक्षा वाईट. परिसरातील फॅमिली डॉक्टर, महापालिकेचा दवाखाना आणि ससून रुग्णालय अशी उतरंड बहुतेक संघांना पुरते.

हालचालीची चाचणी पाहायला सोपी वाटते, पण जपून घ्यावी लागते ती हीच. हात नसलेली, नेहमीच्या उंचीची, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून ती टाळावी. आधी स्वयंसेवकाने स्वतः करून दाखवावे आणि मग विचारावे, ‘काकू, हात न टेकता पाच वेळा उठणे तुम्हाला जमेल असे वाटते का?’ उत्तर नकारार्थी असेल, अलीकडे गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा चक्कर येत असेल, तर आग्रह न करता तशी नोंद करून थेट डॉक्टरांकडे पाठवावे. होकार मिळाल्यास दोन्ही हात छातीवर घडी घालून, शक्य तितक्या लवकर पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला सांगावे आणि मोबाइलवर वेळ मोजावी. १४ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागल्यास पुढील तपासणी हवी. स्वयंसेवकाने बाजूला हात पुढे करून सज्ज उभे राहावे. समोर उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांना दूर ठेवावे, कारण चढाओढीत माणसे पडतात.

श्रवणासाठी रस्त्याच्या बाजूची खोली निवडू नये आणि तपासताना पंखा बंद ठेवावा. तपासणाऱ्याने हातभर अंतरावर, मागे आणि एका बाजूला उभे राहावे, दुसऱ्या बाजूचा कान बोटाने बंद करायला सांगावे, श्वास सोडून झाल्यावर ‘पेरू, सायकल, नदी, टोपी’ असे चार असंबद्ध शब्द कुजबुजावेत आणि ते परत म्हणायला सांगावे. दुसऱ्या कानासाठी शब्द बदलावेत. ओठ दिसू न देणे महत्त्वाचे, कारण वर्षानुवर्षे कमी ऐकणारी माणसे ओठ वाचण्यात नकळत तरबेज झालेली असतात.

स्मरणासाठी तीन साधे शब्द सांगून लक्षात ठेवायला सांगावे, मधल्या वेळात आजची पूर्ण तारीख आणि आपण आत्ता कोठे आहोत हे विचारावे, आणि मग ते शब्द परत विचारावेत. कोणी ‘आज संकष्टी’ असे उत्तर देईल. ते चूक न धरता वार, महिना आणि साल स्वतंत्रपणे विचारावे. निवृत्त बँक अधिकाऱ्याला किंवा मुख्याध्यापकांना तारीख विचारली की राग येतो, तेव्हा हे प्रश्न सर्वांनाच विचारले जातात असे आधीच सांगून टाकावे. एखादा शब्द विसरला म्हणजे स्मृतिभ्रंश झाला असे नव्हे, आणि ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द स्वयंसेवकाने तोंडातूनही काढू नये.

पोषणाबाबत गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न न करता तीन किलोंहून अधिक वजन घटले का आणि भूक मंदावली का, हे विचारायचे असते. घरी वजनकाटा नसलेल्यांना हे सांगता येत नाही. त्यांना बांगड्या सैल झाल्या का, कमरेचा पट्टा एक भोक आत गेला का, असे विचारावे. दृष्टीसाठी लांबचे दिसणे, जवळचे वाचणे आणि डोळ्यांचे जुने आजार विचारावेत. मधुमेह असलेल्या प्रत्येकाला दिसण्याची तक्रार नसली तरी डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) तपासणीसाठी पाठवावे.

मनःस्थितीचे दोन प्रश्न, म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत उदास किंवा हताश वाटले का आणि आवडत्या गोष्टींत मन लागेनासे झाले का, हे आडोशाला, एकट्याला आणि शक्यतो सुनेच्या किंवा मुलाच्या गैरहजेरीत विचारावेत. होकार आला तर उपदेश न करता ऐकून घ्यावे, डॉक्टरांची वेळ घेऊन द्यावी आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा.

पैशाच्या बाबतीत आशा वाढवू नये. ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे, चष्म्यासाठी नव्हे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्यांना साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. चष्मा किंवा काठी त्यात निघते, पण चांगल्या श्रवणयंत्रापुढे ही रक्कम तोकडी पडते.

निकाल संघाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत आणि फळ्यावर लावू नयेत. नोंदवही एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी. पुढे पाठवलेल्या प्रत्येकाला दोन-तीन आठवड्यांनी फोन करावा आणि न गेलेल्यांचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. सोबत नव्हती, रिक्षा मिळेना, जिने उतरवत नाहीत, अशी कारणे येतील आणि ती सोडवणे संघाच्या आवाक्यातले असते.