मुलाच्या ताब्यासाठी पुण्यात वकील कसा शोधावा

वकिलाकडे जाण्याआधी एक वही घ्यावी आणि मुलाचा दिवस लिहून काढावा: सकाळी डबा कोण भरते, रिक्षापर्यंत कोण सोडते, ताप आल्यावर रात्री उशाशी कोण बसते, पालकसभेला कोण जाते. लसीकरणाचे कार्ड, प्रगतिपुस्तक आणि फीच्या पावत्या यांच्या प्रतीही तिच्यातच ठेवाव्यात. आई-वडिलांपैकी कोणाची बाजू किती खरी, यापेक्षा मुलाचे हित कशात आहे हेच न्यायालय आधी पाहते, म्हणून ही वही तुमच्या तक्रारींच्या यादीहून मोलाची ठरते.

त्यानंतर प्रकरण कोठे चालेल ते ठरवावे. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा सुरू असेल, तर कलम २६ प्रमाणे ताब्याचा अर्ज त्याच दाव्यात करता येतो. दावा नसेल आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ताबा मागायचा असेल, तर मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात जावे लागते. मूल साताऱ्याला आजीकडे राहून तिथल्या शाळेत जात असेल, तर पुण्यातला वकील घाईने नेमू नये.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने नावे माणसांकडूनच मिळवावी लागतात. या वाटेने गेलेल्या नातेवाइकांना किंवा सहकाऱ्यांना विचारावे. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात नेहमी काम करणारी दोन-तीन नावे निवडावीत आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधून त्यांची प्रकरणे खरोखर तेथे चालतात का, ते पाहावे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पुरुषांना मात्र सहसा उत्पन्नाची मर्यादा लागू होते. हेल्पलाइन १५१०० आहे.

पहिल्या भेटीत वकील मुलाविषयी काय विचारतो, याकडे नीट लक्ष द्यावे, कारण माझ्या मते खरी पारख तेथेच होते. मुलाचे वयही न विचारता जो ‘ताबा शंभर टक्के मिळवून देतो’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असे १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा म्हणतो खरा, पण त्यातही मुलाचे हितच सर्वोपरी असते. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, ताब्याचा आणि मुलाच्या भेटीचा अर्ज केव्हा करणार, तारखेला स्वतः येणार की सहायकाला पाठवणार, हे स्पष्ट विचारावे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा आपोआप हक्क नसतो, त्यासाठी परवानगी लागते. तो अर्ज कोण करणार तेही विचारावे. न्यायालयाच्या समुपदेशकासमोर तुम्हाला स्वतःच बोलावे लागेल, तेव्हा मुलाला उत्तरे पढवण्याचा सल्ला देणारा वकील नको.

फी ठरावीक आहे की दर तारखेला, टंकलेखन व प्रतींचा खर्च वेगळा आहे का, हे लिहून घ्यावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांच्या नियमांतच बसत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये, आणि मूळ कागद द्यावेच लागले तर त्यांच्या यादीवर पोच घ्यावी.