पेट्रोलची गाडी सोडून ईव्ही घ्यायचीय? शोरूमच्या आधी वायरमनला फोन करा

जळगाव-भुसावळ अपडाऊन करणारे बरेच जण विचारतात, भाऊ ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, आणि पहिला प्रश्न ठरलेला, रेंज किती देते, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते. माझं म्हणणं असंय की रेंज नंतर बघू, आधी घरी वायरमन बोलवा. कारण गाडी कुठलीही घ्या, ती रोज रात्री तुमच्याच घराच्या प्लगवर उभी राहणारे आणि तो प्लग धड नसला तर १५ लाखांची गाडी दारात नुसती उभी राहते.

माझ्याकडे तेच झालं. एप्रिल महिना, गाडी घरी आली, पूजा झाली, पेढे वाटले, रात्री चार्जर लावला तर लाल लाईट. काढला, परत लावला, परत लाल. सकाळी वायरमन आला, त्याने फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून बघितला तर दिवा नुसता मिणमिणत होता, म्हणजे अर्थिंगच धड नव्हतं. घर बांधताना वडिलांनी मागच्या अंगणात मीठ-कोळसा टाकून प्लेट गाडलेली, पण आपली काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते तुम्हाला माहितीये, बोटं जातील एवढ्या फटी, मग अर्थिंगला ओल राहणार कुठून. त्याने दोन बादल्या पाणी ओतलं त्या जागेवर, चहा होईपर्यंत थांबलो, चार्जर लावला आणि हिरवी लाईट आली. नंतर नवीन खड्डा घेऊन तांब्याचा थर असलेला रॉड टाकला, वर पाणी ओतायला पाईप ठेवला. आता फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दर चार दिवसांनी त्यात एक बादली पाणी जातंच, आई तुळशीला पाणी घालते तेव्हाच तिथेही घालते.

वायरचंही तसंच. गाडीसोबत मिळणारा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो, १५-१६ अँपियरच्या सॉकेटवर चालतो, पण तो रात्रभर सलग फुल लोड ओढतो, गिझरसारखा वीस मिनिटं नाही. म्हणून मेन बोर्डापासून वेगळी लाईन ओढा, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिला स्वतःची एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही म्हणजे नाहीच, वितळलेले बोर्ड बघितलेत मी. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर लावायचा असेल तर ६ स्क्वेअर एमएम वायर घ्या आणि आधी महावितरणकडे अर्ज करून मंजूर लोड वाढवून घ्या.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या मंडळींना एक हात जोडून सांगणं, मळ्यातल्या पंपाच्या मीटरवरून गाडी चार्ज करू नका. शेतीचं कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल लागतं. शिवाय पंप सुरू झाले की डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज कसं पडतं ते आपण रोजच बघतो, तेव्हा चार्जर सारखा बंद-चालू होत राहतो. घरच्याच लाईनवर, जेवणं झाल्यावर रात्री ११ नंतर लावा, सगळ्यात शांत वेळ ती.

आता पैशाचं. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १५ चं अॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला ७ रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला ७ किलोमीटर धरा, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जातेच, म्हणजे महिन्याला १००० किलोमीटर चालवली तर १६० युनिट लागतील. हे १६० युनिट तुमच्या आताच्या बिलात वर चढतात हे लोक विसरतात, ३०० युनिटच्या आतलं बिल ३०० युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर महाग लागतो. तरीसुद्धा ७००० च्या जागी दोन-अडीच हजारात भागतं. पण तुमची गाडी महिन्याला ३००-४०० किलोमीटरच चालत असेल, लग्नकार्य आणि वणीचा गड एवढ्यापुरतीच, तर घाई करू नका, जुनी पेट्रोल गाडी चालू द्या, गाडीच्या किमतीतला फरक वसूल व्हायला फार वर्षं जातील.

ज्यांचं छत मोकळंय त्यांनी सोलरचा विचार सोबतच करावा. आपल्याकडचं ऊन त्रास देतं ते देतंच, निदान कामाला तरी लावू. १ किलोवॅट सोलर दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं आणि २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. बाकी सवलतींमध्ये ईव्हीवर जीएसटी ५ टक्के, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट. कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये जी सूट होती ती मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, कुणी अजून तिचं आमिष दाखवत असेल तर ऐकू नका.

आणि मग रेंज. कागदावरचा आकडा विसरा, त्याच्या ६५-७० टक्के पकडून चाला आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी फुल असताना अजून थोडी कमी. बॅटरीला लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून बॅटरी गार ठेवायची सोय) आहे का हे आपल्या भागात विचारलंच पाहिजे. बॅटरीचे मुख्य दोन प्रकार असतात, एलएफपी आणि एनएमसी, कुठली आहे ते विचारा. एलएफपी असेल तर अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला हरकत नसते, एनएमसी असेल तर रोजच्याला ८० टक्क्यांवर थांबवायचं. वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, पण किती टक्के क्षमता उरली की बॅटरी बदलून देतात ते लेखी घ्या.

धुळ्याला जाऊन यायचं असेल तर १८०-१९० किलोमीटर होतात, छोट्या बॅटरीच्या गाडीला हायवेवर ताशी ८० च्या वर पळवलं तर तेवढ्यातच घाम फुटतो. मी निघताना रस्त्यावरचे दोन चार्जर बघून ठेवतो, एक जिथे थांबायचं तिथला आणि एक त्याच्या अलीकडचा, कारण अॅपवर चालू दिसलेला चार्जर तिथे पोचल्यावर बंद निघालेला मी अनुभवलाय, सोबत सासूबाई होत्या, दुपारचा १ वाजलेला. चाळीसगावहून संभाजीनगरला निघालात तर कन्नडच्या घाटात चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, येताना उतारावर थोडे परत मिळतात, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी ४० टक्क्यांच्या खाली नसलेलं बरं.

टेस्ट ड्राईव्ह सकाळी गार हवेत शोरूमभोवती चक्कर मारून उरकू नका. दुपारी २ ला मागा, घरचे चार जण बसवा, एसी लावा आणि रोजच्या रस्त्याने ५० किलोमीटर जाऊन या, निघताना आणि आल्यावर टक्क्यांचा फोटो काढून ठेवा.