घरच्या शिवणकामात तारीख कशी द्यावी

मी नाशिकमध्ये घरी ब्लाउज शिवून देते, त्याला आता सात वर्षे होत आली. टक्स, मुंढा, कटोरी अशा ब्लाउज बेतण्याच्या गोष्टींविषयी येथे लिहीत नाही, कारण शिवणवर्ग केलेल्या कोणालाही ते येते. लिहायचे आहे ते गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेविषयी. माझ्या घराची आणि कामाची जी ओढाताण झाली, ती हात बसला नव्हता म्हणून नव्हे, तर तारखा चुकीच्या दिल्या म्हणून झाली.

तिसऱ्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी मी पंधरा दिवसांत अस्तराचे २४ ब्लाउज देण्याचे कबूल केले. एक ब्लाउज मशीनवर दीड तासात होतो, तेव्हा दिवसाला दोन सहज होतील, असा माझा हिशेब होता. त्यातला ‘मशीनवर’ हा शब्द मला नडला. सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड चुण्या धरते. बेतायला आणि कापायला पाऊण तास जातो. हुक, आय (हुक अडकवायची कडी), गळ्याची आणि बाहीची हातशिलाई यांना एक तास लागतो. घालून पाहिल्यावर कुठे उसवायचे, कुठे दाबायचे, यात अर्धा तास जातो. माप द्यायला आलेली बाई गळ्याचे चित्र दाखवीत वीस मिनिटे बसते, आणि तेही कामच असते. अशा रीतीने एका ब्लाउजला चार तास लागतात. मला दिवसात सलग वेळ मिळत होता तो डबे झाल्यानंतर दहा ते एक, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर दीड तास. म्हणजे रोज एकच ब्लाउज, पंधरा दिवसांत पंधरा; आणि कबूल केले होते २४.

उरलेले नऊ मी झोपेतून काढू पाहिले. त्यातच मुलाला ताप आला आणि दोन रात्री तशाच गेल्या. तिसऱ्या रात्री साडेबारा वाजता मी एका बनारसी ब्लाउजपीसच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या. हातमागावरची येवल्याची पैठणी असती, तर तिच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात म्हणून एक बाही उलटवून निभावले असते. बनारसीच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतात, आणि साडीतला तुकडा पुन्हा कुठून मिळणार? पैसे भरून दिले, पण ते गिऱ्हाईक परत आले नाही. त्या आठवड्यात मुलाच्या कपाळावर हात ठेवून मी मनात हुकांची मोजणी करीत होते, आणि याचे वाईट मला आजही वाटते.

म्हणून स्पष्ट सांगते: मशीन विकत घेण्याआधी आठ दिवस घड्याळ लावून स्वतःचा वेळ वहीत लिहा. आठवड्याला जितके ब्लाउज होतील असे दिसेल, त्यातून दोन वजा करा. एक दुरुस्त्यांसाठी आणि एक घरातल्या आजारपणासाठी. मुले आहेत त्या घरात आजारपण येतेच.

यामुळे धीर सोडू नका. सुरुवातीला माझ्या हातून आठवड्याला तीनच होत होते आणि तेवढ्यावरही धंदा उभा राहिला. ‘अमुक तारखेआधी जमणार नाही’ असे सांगितल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. दिलेली तारीख दोनदा पुढे ढकलली की मात्र नक्की तुटते.

शिकण्याबाबत माझे मत थोडे कडक आहे. व्हिडिओ पाहून गळ्याचे नमुने येतात, माप येत नाही. शक्य असेल तर सहा महिने एखाद्या मास्तरांच्या दुकानात बसा, हुक-बटणाचेच काम मिळाले तरी बसा. तेथे मी ब्लाउजपेक्षा जास्त शिकले ते मास्तर गिऱ्हाइकाला नाही कसे म्हणतात ते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

नात्यातल्या बायकांच्या साड्यांचे फॉल-पिको हा नाजूक विषय आहे. मी पहिली तीन वर्षे ते फुकट केले, आणि ‘घरीच तर असतेस’ हे वाक्य ऐकत राहिले. आता नात्यातले कामही गिऱ्हाइकांच्याच वहीत, त्याच रांगेत लिहिते आणि दर सांगते. जाऊबाई महिनाभर अबोल होत्या. नंतर त्यांनीच मैत्रिणी पाठवल्या. यजमानांशीही मी वही समोर ठेवूनच बोलले. दहा ते एक या वेळात दारावरची बेल आणि फोन ते किंवा सासूबाई पाहतात, हे तेव्हा ठरले. सासूबाईंनी आपणहून हुक लावायला घेतले, आणि दर ब्लाउजमागे त्यांचे पैसे मी वेगळे काढून देते.

यंदा गणेश चतुर्थीच्या बारा दिवस आधी मी नवीन काम घेणे थांबवले. त्यानंतर आलेल्या पाच जणींना दसऱ्याच्या आधीची तारीख दिली. त्यांतल्या तिघी कापड ठेवून गेल्या.