जुनी १७ फुटी घेताय? या चुका टाळा

वर्षातून चार-पाच जण तरी मला जुनी मालाची गाडी बघायला नेतात. कुणाला १४ फूट हौद्याची हवी असते, कुणाला १७ फुटी. त्यातले निम्मे फोन करतात तेव्हा टोकन देऊन झालेलं असतं. "काका, एकदा नजर टाका ना." आता नजर टाकून काय उपयोग, मी दृष्ट काढू?

टोकनची घाई ही सगळ्या चुकांची आई. दलाल म्हणतो, "सकाळी साताऱ्याची पार्टी येऊन गेली, संध्याकाळी पैसे घेऊन येतेय." ही साताऱ्याची पार्टी मी पंधरा वर्षं ऐकतोय, अजून एकदाही समोर आलेली नाही. पहिल्या फेरीला मी चहापुरतेच पैसे नेतो. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय झाल्यापासून लोकांचा हात फारच सैल सुटलाय.

दुसरी चूक मी स्वतः केलीय: गरम इंजिन ऐकून भुलणे. २०१७ साली भोसरीत एक २०११ मॉडेल बघितलं. सेल्फला हात लावला की चालू. मालक म्हणाला, "आत्ताच भाडं मारून आली." मी खूश, व्यवहार करून मोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, तरी गाडी ढिम्म. शेवटी दुसऱ्या टेम्पोनं ओढून चालू केली, तेव्हा अर्धी गल्ली पांढऱ्या धुरात. तरी मनाची समजूत घातली, थंडीचे दिवस आहेत. आठवड्यानं फरशी भरून खंबाटकी घाट चढायला लागलो आणि दुसऱ्या गिअरला तिचा जीव गेला. केबिन उचलून ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून किटलीसारखी वाफ. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा झिजून सिलिंडरमधला दाब खाली ऑइलकडे गळत होता! रिंगा, पिस्टन, लायनर, हेड, सगळं काढलं. ८५ हजार रुपये आणि गॅरेजात २२ दिवस. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला बिनचूक गेला.

तेव्हापासून मी सकाळी सहाला, न सांगता जातो. केबिन टिल्ट करायला लावून आधी इंजिनाला हात लावतो. कोमट लागलं तर "परवा येतो" म्हणून परत. थंड असेल तरच सेल्फ मारायला सांगतो. सुरुवातीला मिनिटभर पांढरा धूर चालेल, पण इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ते ऑइल जळतंय. पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणायची, इंजिन चालूच ठेवायचं आणि ऑइलचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवायचं. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर बोलणी तिथेच संपली. "जाड ऑइल टाका, धूर बंद होतो" असा सल्ला देणारे भेटतील. धूर खरंच बंद होतो, गाडी विकेपर्यंत.

रंग बघून गाडी घेणाऱ्यांना काय सांगावं? हौदा नवा, आरशाला गोंडे, आणि चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, ताजा काळा रंग. बाकी गाडी दहा वर्षांची आणि फक्त चासीच चकचकीत असेल, तर मी जुना शर्ट घालून, टॉर्च घेऊन खाली शिरतो. मागच्या कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ आणि केबिनच्या मागे बोटं फिरवतो. वेल्डिंगचा उंचवटा रंगाखालीही हाताला लागतो. कमानीत कंपनीपेक्षा जादा पाटे घातले असतील, तर ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड पळालीय, मालक कितीही शपथा घेवो.

कागदपत्रांत आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. चलन आणि टॅक्स किती थकलाय ते परिवहनच्या साइटवर नंबर टाकून स्वतः बघा, दलालाच्या मोबाइलवर नको. पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी, आणि आठ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. दोन ॲक्सलच्या गाडीला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, म्हणून "अकरा वर्षांची आहे, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याला आधी विचारा की गाडी राज्याबाहेर न्यायची तर पुढच्या वर्षी काय करू?

चासी नंबर आरसीशी ताडून बघा.

ड्रायव्हर कुठला ठेवणार तेही आधीच ठरवा. ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची (गाडी अधिक माल) गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसनवर चालते, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तसं स्पष्टच केलंय. त्यावरच्या वजनाची १७ फुटी घेऊन तिच्यावर एलएमव्हीवाला पोरगा बसवला, तर अपघातानंतर विमा कंपनी आधी त्याचं लायसनच मागते.

टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, असले तर किंमत पाडा. किलोमीटरचा काटा बघूच नका, क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा.

विमाही चौदा दिवसांत नावावर करायला टाका. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर समोरच्याचं नुकसान भरून निघतं, आपल्या गाडीचं नाही. आणि किमतीतले २५ हजार तरी मी हातात ठेवतो, ट्रान्सफर झालेली आरसी येईपर्यंत. मालक कुरकुरतात. कुरकुरू द्यात.