अमेरिकेची राज्यघटना डोक्यात बसवायचीय? मग १७७६ वर अडकू नका

मी दादरला एका अभ्यासिकेत शनिवारी मुलांना इतिहास शिकवते आणि दर बॅचला हाच प्रश्न येतो, मॅडम अमेरिकेच्या सनावळ्या लक्षातच राहत नाहीत. माझं म्हणणं असं की सन नंतर, आधी भांडण समजून घ्या, कोण कुणाशी कशावरून भांडतंय ते कळलं की सन आपोआप चिकटतो.

४ जुलै १७७६, फिलाडेल्फिया, ब्रिटनपासून स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे सगळ्यांना येतंच, ते पटकन उरका. खरा वेळ द्या १७८१ ते १७८७ ला. १७८१ ला आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे तेरा राज्यांना जोडणारा घटनेआधीचा करार, लागू झाले, ते समजायला तेरा विंगची सोसायटी डोळ्यासमोर आणा, कमिटी आहे पण मेंटेनन्स वसूल करायचा हक्कच नाही, नुसतं पत्र पाठवून मागायचं, आणि नियम बदलायचा तर तेराही विंगची सही पाहिजे. काँग्रेसचं, म्हणजे तेरा राज्यांच्या मध्यवर्ती सभेचं, अगदी हेच झालं होतं. ब्रिटनशी झालेल्या युद्धाचं कर्ज फेडायला आयात मालावर पाच टक्के जकात लावू म्हणाले तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि सगळं बारगळलं. ज्यांचं रिडेव्हलपमेंट एका सहीसाठी अडकलंय त्या घरातल्या मुलांना हे मी कधी दोनदा सांगितलं नाही. मग १७८६ ला मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी, त्यातले बरेच जुने सैनिक, डॅनियल शेज या म्होरक्याबरोबर कोर्टं बंद पाडायला निघाले आणि ते मोडून काढायला बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, कारण काँग्रेसच्या हातात काही नव्हतंच.

आता शंभर पानी वही घ्या, तीन रकाने आखा: कोण भांडतंय, कशावरून, तोडगा काय. पहिली ओळ मी फळ्यावर लिहून देते. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं म्हणतात संसदेतल्या जागा लोकसंख्येवर द्या, न्यू जर्सी म्हणतं सगळ्यांना सारख्या द्या, तोडगा म्हणजे प्रतिनिधीगृह लोकसंख्येवर आणि सिनेटमध्ये प्रत्येकी दोन. हे सगळं नवी घटना लिहायला भरलेल्या सभेत, २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, ऐन उन्हाळ्यात, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून, ५५ जण आले, सही ३९ जणांनी केली.

दुसरी ओळ गुलामगिरीची, ती मी कुणालाच गाळू देत नाही. दक्षिणेला गुलाम माणसं जागा वाढवायला मोजून हवी होती पण हक्क एकही द्यायचा नव्हता, तोडगा तीन पंचमांश, म्हणजे पाच गुलाम तीन माणसं म्हणून मोजायचे, आणि बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही. मूळ मसुद्यात गुलाम हा शब्दच कुठे नाही, ‘इतर व्यक्ती’ असं लिहिलंय. पहिल्या कलमात स्वतः शोधा, सापडलं की पोटात खड्डा पडतो.

मूळ घटना अवघी सात कलमांची आहे, बोरिवली चर्चगेट स्लोमध्ये एका फेरीत वाचून होते, गाईडबुक नको, तीच वाचा. सोबत बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण ठेवा. न्यूयॉर्कला कोलंबियात शिकलेला माणूस तिथे सांगतोय की अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी आहे, देशाचं आणि राज्याचं, आपलं एकेरी का ठेवलं. दोन्ही समोरासमोर वाचल्यावर संघराज्य हा शब्द पहिल्यांदा नीट कळतो, मला तरी तसाच कळला.

पुढचं भराभर होतं. १७८८ ला घटना लागू व्हायला लागणारं नववं राज्य न्यू हॅम्पशायर मंजुरी देतं, ३० एप्रिल १७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टन न्यूयॉर्कमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतात, १७९१ ला हक्कांच्या दहा दुरुस्त्या. थांबा फक्त १८०० च्या निवडणुकीवर, जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर दोघांना ७३-७३ मतं, निकाल प्रतिनिधीगृहात गेला आणि ३६ वेळा मतदान झालं तेव्हा कुठे जेफरसन निवडून आले. तोडग्याच्या रकान्यात लिहा बारावी दुरुस्ती, १८०४, अध्यक्ष आणि उपाध्यक्षांसाठी मतं वेगवेगळी. मग वही मिटून घरात कुणालातरी दहा मिनिटांत तोंडी सांगा, आई चालेल, धाकटा भाऊ चालेल, आणि जिथे अडखळाल ती ओळ त्याच रात्री परत वाचा.