जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस तपासताना यू-पिनवर विसंबू नका

जुना डेस्कटॉप सुरू होईनासा झाला की दोनच सल्ले कानावर पडतात. एक, ‘एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलून टाका’. दुसरा, ‘हिरवी आणि काळी वायर यू-पिनने जोडा, पंखा फिरला तर एसएमपीएस ठीक आहे’. पहिल्यात पैसे फुकट जाऊ शकतात, दुसऱ्यात दोन दिवस. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि मोजा.

सॉकेट, पॉवर केबल आणि मागचा छोटा स्विच तपासून झालंय असं धरून चालतो. मागे ११५/२३० असा लाल सरकता स्विच असेल तर तो तुमच्याकडच्या विजेशी जुळतोय ना, तेवढं पाहा. २३०च्या लाइनवर तो ११५ला राहिला तर मोठा आवाज होतो आणि पुढचं काही वाचायची गरज उरत नाही.

जांभळी वायर. मशीन बंद, पण केबल लावलेली आणि मागचा स्विच चालू. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब चुकून १० अँपिअरच्या भोकात नाही ना, हे बघा. तसाच लावलात तर तुम्हीच शॉर्ट कराल. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरवर टेकवा; मदरबोर्डच्या मोठ्या कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आले पाहिजेत. शून्य आलं तर लगेच निकाल देऊ नका. कनेक्टर बोर्डमधून काढा आणि पुन्हा मोजा. आता ५ आले तर दोष बोर्डाकडे आहे. तरीही शून्य, तर एसएमपीएस गेला.

हिरवी वायर. मशीन बंद असताना हिच्यावर व्होल्टेज दिसतं, बहुधा ५च्या आसपास. कॅबिनेटचं बटण दाबलं की ते ०.८च्या खाली यायला हवं. आलंच नाही तर बटण, त्याची वायर किंवा बोर्ड तपासा. एसएमपीएसला कोणी उठवलेलंच नाही. खाली आलं आणि तरी काही हललं नाही, तर संशय एसएमपीएसवर किंवा कुठेतरी असलेल्या शॉर्टवर.

पंखा जरासा हलून थांबत असेल तर एसएमपीएसचं संरक्षण काम करतंय, म्हणजे कुठेतरी शॉर्ट दिसल्यामुळे तो स्वतःच बंद होतोय. केबल काढून मिनिटभर थांबा, नाहीतर ते मोकळं होत नाही. मग ड्राइव्ह आणि कार्डं एकेक करून काढत जा आणि दर वेळी चालू करून बघा.

लोडवर मोजणं. बहुतेकांची चूक इथेच होते. यू-पिनने सुरू केलेल्या एसएमपीएसवर काहीच भार नसतो. त्यातून एवढंच कळतं की तो सुरू होतो. जुन्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच नियंत्रणावर चालतात, त्यामुळे भार नसताना मिळालेले आकडे धड चांगलेही नसतात आणि धड वाईटही. रिकाम्या पोटी १२.१ दाखवणारा एसएमपीएस प्रोसेसर आणि डिस्क जोडल्यावर १०.९वर बसू शकतो.

म्हणून कनेक्टर बोर्डमध्येच ठेवा, मशीन चालू करा आणि मागच्या बाजूने, जिथे वायर प्लास्टिकमध्ये शिरते तिथून, प्रोब हलकेच आत सरकवा. आतल्या धातूला टोक टेकलं की आकडा स्थिर होतो. काळा प्रोब मगर क्लिपने मोकळ्या मोलेक्सच्या (ड्राइव्हला वीज देणारा चार पिनांचा कनेक्टर) काळ्या वायरला अडकवून टाका आणि फक्त लाल प्रोब हातात ठेवा. दोन्ही हातांत प्रोब धरून कॅबिनेटमध्ये वाकलं की एखादा घसरतोच. टोक जाड असेल तर रेटू नका. पिन सैल होते आणि नसलेला बिघाड तयार होतो.

आकडे या हद्दीत हवेत: पिवळी ११.४० ते १२.६० व्होल्ट, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. निळ्या वायरवर उणे १२ असतात, तिथे दहा टक्के इकडेतिकडे चालतं. नारिंगीच्या एका पिनमध्ये जास्तीची बारीक वायर दिसली तर ती तशीच असते, कापू नका.

आता आकड्यापेक्षा त्याची हालचाल बघा. मशीन शांत असताना मोजा, मग मोठी फाइल कॉपी करायला लावा, सोबत प्रोसेसरला काम द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. १२.०५चे ११.९ झाले तर काही बिघडलेलं नाही. गरम होता होता ११.५ आणि मग ११.४ अशी घसरण दिसली तर तो नियमात बसत असला तरी काढून टाका. पिवळी खाली आणि लाल वर अशी जोडी दिसली तर तो बिघाडच असेल असं नाही. एकाच नियंत्रणामुळे १२वर जास्त भार आला की असं होतं.

आणखी एक. बोर्डच्या कनेक्टरवर ११.३ आणि मोकळ्या मोलेक्सवर ११.९ असा फरक आला तर एसएमपीएसला दोष देऊ नका. कनेक्टर काढून पिवळ्या पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय का बघा. संपर्क जळलेला असतो.

राखाडी वायर. सगळे व्होल्टेज जागेवर आले की अर्ध्या सेकंदाच्या आत इथे ५च्या आसपास यायला हवेत. पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि इथे शून्य: बोर्ड परवानगीची वाट बघत बसलाय आणि एसएमपीएस ती देत नाही.

सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावर सुरू होणारं आणि एकदा गरम झालं की दिवसभर नीट चालणारं मशीन म्हणजे बहुतेक वेळा वाळलेले कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग). थंडपणी त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. पण ते बोर्डवरचेही असू शकतात, म्हणून प्रोसेसरच्या आजूबाजूला माथा फुगलेले किंवा तपकिरी चीक आलेले कॅपॅसिटर आधी शोधा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर ते हमखास सापडतात. एसएमपीएस मात्र उघडू नका. २३०च्या लाइनवर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि केबल काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. आतलं पाहायचंच असेल तर जाळीतून बॅटरी मारा.

बदलायचाच ठरला तर वॉट बघून घेऊ नका. प्रोसेसरजवळ पिवळ्या-काळ्या चार पिनांचा वेगळा कनेक्टर नसलेले बोर्ड बहुधा प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. जुन्या एसएमपीएसच्या लेबलवर ५ व्होल्टसमोर ३० अँपिअर छापलेले असतात, नव्या ५०० वॉटच्या एसएमपीएसवर अनेकदा २० किंवा त्याहून कमी. तो लावला की मशीन सुरू होतं आणि भार येताच बंद पडतं. २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या शेवटच्या चार पिना वेगळ्या होतात, २० पिनांच्या बोर्डला त्या लागत नाहीत. पांढरी वायर, म्हणजे उणे ५, नव्यात नसते. जुनं आयएसए कार्ड (जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारं) असेल तरच तिची चिंता करा. आणि काही ब्रँडेड मशीनमध्ये कनेक्टर दिसायला तोच असला तरी वायरींचा क्रम वेगळा असतो. जुना आणि नवा कनेक्टर शेजारी धरून रंग जुळवल्याशिवाय केबल लावू नका.