१९५४ सालचा ‘अ स्टार इज बॉर्न’ कसा पाहावा

जॉर्ज क्यूकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अ स्टार इज बॉर्न’ हा चित्रपट आज अनेक जण तुकड्यांनीच पाहतात. कुठे त्यातले एखादे गाणे दिसते, कुठे नायिका ज्यूडी गार्लंड यांचा एखादा गाजलेला प्रसंग. सत्तर वर्षांपूर्वीचा आणि तीन तासांच्या जवळपास लांबीचा संगीतपट सलग पाहायचा, तर थोडी तयारी लागते. ती केली, तर प्रसिद्धी आणि प्रेम यांची इतकी निर्भीड कथा हॉलिवूडने स्वतःविषयी क्वचितच सांगितली आहे, हे लक्षात येते. पुढील मजकुरात कथानकाचा शेवटही येतो. तो आधी कळू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी पहिले दोन भाग वाचावेत, चित्रपट पाहावा आणि उरलेले नंतर वाचावे.

कोणती प्रत निवडावी

या नावाचे चार चित्रपट आहेत: १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ सालचे. शोधताना नावाबरोबर वर्ष आणि गार्लंड यांचे नाव जरूर पाहावे. १९५४ सालचा चित्रपट मिळाला की त्याची लांबी तपासावी. ती १५४ मिनिटे असेल, तर ती कापलेली प्रत आहे. १७६ मिनिटे असेल, तर ती घ्यावी. हा फरक केवळ बावीस मिनिटांचा वाटतो, परंतु चित्रपटाचे सारे दुखणे त्यातच आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

२९ सप्टेंबर १९५४ रोजी हॉलिवूडच्या पँटेजेस चित्रपटगृहात पहिला खेळ झाला, तेव्हा चित्रपट तीन तासांहून किंचित अधिक लांब होता. इतक्या लांबीमुळे दिवसाचे खेळ कमी होतात, अशी चित्रपटगृहांच्या मालकांची तक्रार सुरू झाली आणि वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओचे हॅरी वॉर्नर यांनी कात्री लावण्याचा आदेश दिला. त्या वेळी क्यूकर ‘भवानी जंक्शन’ या पुढच्या चित्रपटाची स्थळे पाहण्यासाठी भारतात आले होते. कापाकापी त्यांच्या अनुपस्थितीत झाली. दोन गाणी गेली आणि नायक-नायिकेची ओळख हळूहळू प्रेमात रूपांतरित होते, तो बराचसा भागही गेला. पुढे चित्रपट-अभ्यासक रोनाल्ड हेव्हर यांनी स्टुडिओच्या भांडारांत शोध घेतला. त्यांना मूळ चित्रपटाचा पूर्ण ध्वनिपट मिळाला आणि कापलेली गाणीही सापडली. मात्र काही प्रसंगांचे चित्रीकरण कायमचे नष्ट झाले होते. त्या जागी त्यांनी मूळ आवाजावर चित्रीकरणाच्या वेळी काढलेली स्थिर छायाचित्रे बसवली. ही पुनर्रचित प्रत १९८३ साली दाखवली गेली. क्यूकर त्याच वर्षी जानेवारीत निधन पावले होते; आपला चित्रपट पुन्हा जुळलेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

म्हणून पहिल्या तासात अचानक हलती चित्रे थांबून छायाचित्रे दिसू लागली आणि संवाद मात्र चालू राहिले, तर प्रत बिघडली आहे असे समजू नये, आणि तो भाग पुढेही ढकलू नये. दारूच्या आहारी गेलेला चित्रपट-अभिनेता नॉर्मन मेन (जेम्स मेसन) याने चित्रपटात संधीचा शब्द देऊन गायिका एस्थर ब्लॉजेट (गार्लंड) हिला वाद्यवृंदातील नोकरी सोडायला लावली आहे. दुसऱ्याच दिवशी त्याला दूरच्या चित्रीकरणासाठी नेले जाते, आणि तिचा पत्ता त्याच्याजवळ नाही. ती मोटारीपाशी जाऊन खाद्यपदार्थ देण्याचे काम पत्करते, स्वस्त खोलीत राहते, जाहिरातीसाठी आवाज देते. हे दिवस पाहिले नाहीत, तर पुढे मिळणारे यश फुकटचे वाटते आणि नॉर्मनचा शब्दही हवेतला वाटतो. छायाचित्रांकडे पाहत आवाज नीट ऐकावा. मेसन आणि गार्लंड यांच्या आवाजांत प्रसंग पूर्ण उभा राहतो.

पडदा, आवाज आणि वेळ

हा चित्रपट सिनेमास्कोप पद्धतीने चित्रित झाला असून त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या अडीचपटीहूनही अधिक आहे. घरच्या दूरचित्रवाणी संचावर वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतील. त्या घालवण्यासाठी चित्र मोठे करण्याचा पर्याय अनेक संचांत असतो. तो वापरू नये, कारण क्यूकर माणसांना वारंवार चौकटीच्या अगदी कडेला, अंधारात उभे करतात आणि चित्र ताणले की नेमकी तीच माणसे कापली जातात. मोबाइलवर तर हा चित्रपट पाहूच नये. खोलीत अंधार करावा. पहिल्या वीस मिनिटांतली रंगमंचामागची धावपळ लाल, निळ्या आणि काळ्या रंगांत रंगवली आहे, आणि उजेडात ती नुसती चिखल वाटते.

इंग्रजी उपशीर्षके लावावीत, पण गाण्यांच्या वेळी डोळे त्यांत अडकू देऊ नयेत. ‘द मॅन दॅट गॉट अवे’ या गाण्याचे शब्द आदल्या दिवशी एकदा वाचून ठेवले तरी पुरे. शब्द आयरा गर्शविन यांचे आणि संगीत हॅरल्ड आर्लेन यांचे आहे. निघून गेलेल्या माणसाच्या आठवणीचे ते गाणे आहे आणि त्याचा अर्थ चित्रपटाच्या शेवटी पुन्हा अंगावर येतो. एका बैठकीत पाहणे शक्य नसेल, तर ‘बॉर्न इन अ ट्रंक’ हे दीर्घ गाणे आणि त्यानंतरचा यशाचा प्रसंग संपल्यावर थांबावे. तिथे कथेचा चढ संपतो आणि उतार सुरू होतो.

एक सूचना मनापासून द्यावीशी वाटते. या चित्रपटात दारूचे व्यसन आणि आत्महत्या आहे, आणि दोन्ही गोष्टी कोणताही आडपडदा न ठेवता येतात. लहान मुलांसोबत पाहण्याचा हा संगीतपट नाही, आणि ज्यांच्या घरात हे दुःख होऊन गेले आहे त्यांनी ते आधी जाणून घेऊनच बसावे.

गाणे ऐकणाऱ्याकडे पाहावे

आपल्याकडच्या चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला पहिली गोष्ट जाणवेल ती ही, की येथे कोणीही बागेत किंवा रस्त्यात अचानक गाऊ लागत नाही. गाणे येते ते रंगमंचावर, तालमीत, ध्वनिमुद्रणाच्या वेळी किंवा घरच्या दिवाणखान्यात. पडद्यावरचा आवाज गार्लंड यांचा स्वतःचा आहे. ध्वनिमुद्रण आधी झाले असले, तरी बालगंधर्वांच्या परंपरेत वाढलेल्या रसिकाला ओळखीची वाटेल अशी गोष्ट म्हणजे अभिनय करणारी आणि गाणारी व्यक्ती येथे एकच आहे. प्रत्येक गाण्याला कोणीतरी ऐकणारा आहे. पाहताना गाणाऱ्या व्यक्तीइतकेच लक्ष त्या ऐकणाऱ्याकडे द्यावे. चित्रपटाची खरी गोष्ट तिथे घडते.

सुरुवातीला श्राइन सभागृहातला मदतनिधीचा कार्यक्रम आहे. दारू प्यालेला नॉर्मन थेट रंगमंचावर घुसतो आणि गात असलेली एस्थर त्याच्या तोलाला सांभाळत, तो कार्यक्रमाचाच भाग असल्याचे भासवत गाणे पूर्ण करते. प्रेक्षक हसतात, एका माणसाची अब्रू तिने वाचवली हे त्यांना कळत नाही. नॉर्मन नंतर भिंतीवर लिपस्टिकने हृदयाची आकृती काढतो. ती आकृती लक्षात ठेवावी.

‘द मॅन दॅट गॉट अवे’ हा प्रसंग मात्र सावकाश पाहावा, शक्य असल्यास चित्रपट संपल्यावर दुसऱ्यांदाही. रात्र उलटली आहे, क्लब बंद झाला आहे, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या आहेत आणि वादक स्वतःच्या आनंदासाठी वाजवत आहेत. पियानोवर एस्थरचा वादक मित्र डॅनी मॅग्वायर आहे. एस्थर प्रथम गुणगुणते, मग वादकांच्या मधून फिरत गाऊ लागते, आणि कॅमेरा तिच्यामागे जात राहतो. हे संपूर्ण गाणे एकाच अखंड शॉटमध्ये आहे. मध्ये कुठेही कात्री नाही. गार्लंड कुठे मागे सरतात, कुठे हात पसरतात, कुठे त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे होते, हे पाहिले की गायिकेला चौकटीत बसवण्याऐवजी चौकटच तिच्या मागे कशी धावते ते दिसते. नॉर्मन अंधारातून ऐकतो आहे. त्यानंतर तो तिला जे सांगतो, म्हणजे मोठ्या कलावंतात असणाऱ्या त्या ‘थोड्याशा जास्तीच्या काहीतरी’विषयी, ते ब्रिटिश अभिनेत्री एलन टेरी यांचे म्हणणे म्हणून तो सांगतो. नॉर्मनचे डोळे त्या क्षणी शुद्धीवर असतात. आपण संपत चाललो आहोत हे ठाऊक असूनही दुसऱ्याचे तेज ओळखणारा हा माणूस जेम्स मेसन यांनी विलक्षण साकारला आहे, आणि गार्लंड यांच्या स्तुतीच्या गर्दीत त्यांच्याकडे दुर्लक्ष होते हा या चित्रपटावरचा अन्याय आहे.

स्टुडिओत एस्थरचा चेहरा बदलला जातो, सोनेरी टोप घातला जातो, आणि आपले नाव आता व्हिकी लेस्टर आहे हे तिला पगाराच्या खिडकीवर कळते. हा भाग हसवत हसवत पुढे जातो. ‘बॉर्न इन अ ट्रंक’ हे सुमारे पंधरा मिनिटांचे गाणे क्यूकर यांचे काम संपल्यावर जोडले गेले. ते देखणे आहे, पण माझ्या मते चित्रपटाला जड झाले आहे. याच लांबीची किंमत पुढे कापलेल्या प्रसंगांनी मोजली. ते शांतपणे पाहून घ्यावे.

लग्नानंतर दोन गाणी चार भिंतींच्या आत येतात आणि दोन्हींचा श्रोता फक्त नॉर्मन आहे. ‘इट्स अ न्यू वर्ल्ड’ ती मोटेलच्या खोलीत त्याच्यासाठी हलक्या आवाजात गाते. ‘समवन ॲट लास्ट’मध्ये दिवसभर स्टुडिओत चाललेले गाणे ती घरातले फर्निचर, उशा आणि दिवे वापरून एकटीच करून दाखवते. त्या हसण्यानंतर लगेच एक माणूस पार्सल घेऊन येतो आणि नॉर्मनला ‘मिस्टर लेस्टर’ म्हणून हाक मारतो. येथे गार्लंड यांच्याकडे पाहू नये. मेसन यांचा चेहरा पाहावा. मोठा संवाद नाही, आरडाओरडा नाही. पत्नीच्या नावाने ओळखला गेलेला पुरुष काय होतो, ते तेवढ्यात सांगून होते.

एस्थरला ऑस्कर मिळतो त्या प्रसंगात नॉर्मन मद्यधुंद अवस्थेत मंचावर येतो आणि हातवारे करताना त्याचा हात तिच्या तोंडावर बसतो. सुरुवातीच्या रात्रीप्रमाणे ती पुन्हा त्याला सावरते, पण आता सभागृहातल्या प्रत्येकाला सारे कळते. यानंतर ‘लूज दॅट लाँग फेस’ या आनंदी गाण्याच्या दोन चित्रणांमधल्या वेळात, तोंडावर खोटे ठिपके आणि डोक्यावर गवती टोपी अशा अवतारात ती स्टुडिओप्रमुख ऑलिव्हर नाइल्सजवळ मन मोकळे करते: मी त्याच्यावर प्रेम करते आणि कधीकधी त्याचा तिरस्कारही करते. मग अश्रू पुसून ती पुन्हा तेच हसरे गाणे गायला जाते. १९५४ साली हे गाणे कापले गेले आणि मधला कबुलीजबाब तेवढा राहिला. गाण्यांच्या कडा नसल्यामुळे त्याची धार अर्धी झाली. १७६ मिनिटांची प्रत घ्यावी, असा आग्रह धरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आपल्यासाठी ती काम सोडणार आहे हे नॉर्मनच्या कानावर पडते. तो पोहायला जातो असे सांगतो आणि ती घरात ‘इट्स अ न्यू वर्ल्ड’ गात असताना समुद्रात चालत जातो. गाणे चालू आहे आणि ज्याच्यासाठी ते आहे तो ऐकणारा जातो आहे. या ठिकाणी आवाज कमी करू नये. अंत्यसंस्काराच्या वेळी चाहते तिच्या तोंडावरचे आवरण ओढून काढतात. शेवटी ती श्राइन सभागृहात परतते, भिंतीवरची ती आकृती पाहते आणि लोकांसमोर स्वतःची ओळख ‘मिसेस नॉर्मन मेन’ अशी करून देते. आज या वाक्यावर वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा: स्वतःचे नाव टाकून तिने नवऱ्याचे नाव का घ्यावे? माझे मत असे, की स्टुडिओने दिलेले नाव नाकारून ती स्वतः निवडलेले नाव घेते. परंतु एकत्र पाहणाऱ्यांनी हा प्रश्न चर्चेसाठी राखून ठेवावा.

पाहून झाल्यावर

गार्लंड यांचे चरित्र चित्रपटाआधी वाचू नये, नंतर वाचावे. १९५० साली एमजीएम स्टुडिओशी त्यांचा करार संपला होता, औषधांच्या व्यसनाशी त्यांची झुंज चालू होती, आणि हा चित्रपट त्यांचे पती सिड लफ्ट यांनी त्यांच्या पुनरागमनासाठी उभा केला होता. नॉर्मनचे दुखणे त्यांना आतून माहीत होते. सहा ऑस्कर नामांकनांपैकी चित्रपटाला एकही पुरस्कार मिळाला नाही. अभिनेत्रीचा पुरस्कार ग्रेस केली यांना मिळाला. त्या रात्री, ३० मार्च १९५५ रोजी, गार्लंड नुकत्याच बाळंत होऊन रुग्णालयात होत्या आणि त्या जिंकल्यास प्रक्षेपण व्हावे म्हणून कॅमेरे त्यांच्या खोलीत पोहोचले होते.

तुलना करायची असल्यास १९३२ सालच्या ‘व्हॉट प्राइस हॉलिवूड?’पासून सुरुवात करावी. तोही क्यूकर यांचाच असून या कथेचे मूळ बीज त्यात आहे. त्यानंतर १९३७ चा पाहावा; त्यात गाणी नाहीत, म्हणून मॉस हार्ट यांच्या १९५४ च्या पटकथेने काय मिळवले ते स्वच्छ दिसते. १९७६ चा सोडला तरी चालेल. २०१८ चा जरूर पाहावा. पण त्याआधी ‘द मॅन दॅट गॉट अवे’ची टाकून दिलेली चित्रणे पाहावीत, चित्रपटाच्या काही डिस्क प्रतींसोबत ती मिळतात. गाणे तेच, आवाज तोच, पोशाख आणि प्रकाश निराळा. ती आणि अंतिम चित्रण लागोपाठ लावावीत आणि प्रत्येकात गार्लंड पियानोपासून किती दूर जातात, याकडे लक्ष द्यावे.